घोरबाई

सत्यभामाबाई टेंभुर्णीकरांनी मला एकदाही ‘काळजी करू नकोस’ असं म्हटलं नाही. उलट मी निवांत दिसले की त्याच अस्वस्थ व्हायच्या. ‘‘सुमन, आज तुला कशाचाच घोर न्हाई का?’’ असं विचारायच्या, आणि मी नाही म्हटलं की, ‘‘मंग काहीतरी विसरलीस तू,’’ असं म्हणून फायली काढायला बसायच्या. बहुतेक वेळा मी खरंच काहीतरी विसरलेली असायचे.

जुन्या जालन्यात त्यांना घोरबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना माहीत होतं. जिवाला घोर लावून घेतात म्हणून घोरबाई, असं गल्ली सांगायची. त्यांचे यजमान नाना तहसिलीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते हळूच म्हणायचे, ‘‘दुसरा अर्थही खोटा नाही. शेजारी झोपतो तो मी.’’

सत्तावन्न सालची ही गोष्ट. मी मुंबईत समाजकार्याच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होते. बी. ए. नंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि त्यात माझा विषय विवाह आणि कुटुंब. नवरा-बायकोचं बिनसलं तर त्यांचं ऐकायचं कसं, त्यांच्याशी बोलायचं कसं, हे शिकवणारंही एक शास्त्र आहे, हे आमच्या घरी कुणाला पटत नसे. ‘‘स्वतःचं लग्न नाही आणि निघाल्या दुसऱ्यांचे संसार सांधायला,’’ असं म्हणून आत्या पदराआड हसायची. आमची पुस्तकं सगळी इंग्रजी आणि त्यांतली कुटुंबं सगळी परदेशी. पाच महिने प्रत्यक्ष काम केल्याशिवाय पदवी मिळत नसे. ते काम कसं झालं याचा अहवाल, ज्यांच्या हाताखाली ते केलं त्यांनी लिहायचा. माझी नेमणूक जालन्याच्या एका छोट्या महिला केंद्रात झाली, आणि माझा अहवाल बाईंच्या हातात गेला.

दिवाळीनंतर मी जालन्याला उतरले तर फलाटावर एक बुटक्या, नऊवारीतल्या, हातात छत्री धरलेल्या बाई प्रत्येक डब्यात डोकावत येत होत्या. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. त्या सकाळच्या गाडीपासून स्टेशनात बसल्या होत्या. मी दुपारच्या गाडीनं येणार हे पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. पण ‘‘पोरीची जात, घाईत आधीच्या गाडीत बसली तर?’’ हा त्यांचा घोर. टांग्यात बसल्यावर त्यांनी माझ्या ट्रंकेचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि तिसऱ्यांदा टांगेवाल्याला ओढायला लावलं.

बाईंजवळ पदवी नव्हती. निजामाच्या काळात मुलींच्या शाळेत शिकवलेलं, उर्दू लिहिता-वाचता येणारं, आणि माणसं पाहिलेली, एवढंच भांडवल. निजामाचं राज्य जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्यांच्या जिभेवर ‘बिलकुल’ आणि ‘जल्दी’ तसेच होते. मी पदवीच्या उंबरठ्यावरची मुंबईची विद्यार्थिनी. मनातल्या मनात मी ठरवलं, की पाच महिने यांचं ऐकल्यासारखं करायचं आणि काम पुस्तकाप्रमाणं करायचं. आज हे लिहितानाही कान तापतात.

केंद्र म्हणजे कापडाच्या ठोक दुकानावरच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत मी राहायचे, जेवायला बाईंच्या घरी जायचे. खाली हमालांची हाकाहाकी, धान्याची पोती, गल्लीत बैलगाड्या. इतक्या गडबडीत बायका मनातलं काय बोलणार, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. बाई म्हणाल्या, ‘‘गडबड हाय म्हणूनच तर येतात. कुणी बघितलं तर कापड बघाया आल्ते, असं म्हणता येतं.’’

कुणाच्याही घरी गेलं की त्या जमिनीवर बसायच्या, दिलेलं पाणी पूर्ण प्यायच्या, आणि ‘तुमची अडचण काय’ असं चुकूनही विचारायच्या नाहीत. चूल कोण पेटवतं, पाणी कोण भरतं, सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, एवढंच विचारायच्या. मला हे पाल्हाळ वाटायचं. पहिल्या घरभेटीत मी बाजेवर बसून, वही उघडून, घरधन्याचं अर्धा तास ऐकून घेतलं. बायको अबोल आहे, नीट जेवत नाही, असं तो सांगत होता. बाहेर पडल्यावर बाईंनी विचारलं, ‘‘ती जेवत न्हाई म्हणला, तवा आत काय झालं?’’

‘‘मला कसं दिसणार? माझी पाठ होती.’’

‘‘भांडं आपटलं.’’

‘‘ते होय! मला वाटलं मांजर असेल.’’

बाई रस्त्यात थांबल्या. ‘‘सुमनबाई,’’ त्या म्हणाल्या. रागावल्या की त्या मला बाई म्हणायच्या. ‘‘माजघराच्या दाराकडं पाठ करून बसायचं न्हाई. पुढं बोलतो तो बोलतोच. खरं बोलणं त्या दारामागं उभं असतं.’’

माझ्या इंग्रजी वहीत मी ते वाक्य मराठीत लिहून ठेवलं. त्या वहीतलं ते पहिलं मराठी वाक्य.

नाना-बाईंच्या भांडणाची फाईलही मीच केली होती, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. नाना बहिणीकडे औरंगाबादला गेलेले आणि सांगितलेल्या मोटारीनं न येता संध्याकाळच्या मोटारीनं आले. बाई दुपारभर मोटारतळावर उभ्या. नाना उतरले ते शांतपणे पान चघळत. झालं, अबोला सुरू. तो आठ दिवस टिकला तेव्हा बाई मला म्हणाल्या, ‘‘ही केस तुझी. फाईल उघड. दोघांचं ऐक. माझी भीड धरू नको.’’

मी आधी बाईंचं ऐकलं, मग नानांचं. नाना बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, ‘‘लिही. तीस वर्षं झाली, कुठंतरी कुणीतरी माझी वाट बघत उभं आहे, या धास्तीनं मी परगावी एकदाही निवांत चहा प्यालो नाही. त्या दिवशी प्यालो. दोन कप.’’

मी घाबरतच फाईल बाईंपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, परत वाचली. मग आत गेल्या, चहा केला, कप नानांच्या हातात दिला आणि त्यांनी तो सावकाश पिऊन संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, ‘‘बंद कर फाईल.’’ आणि नंतर, भांडी घासताना, माझ्याकडे न बघता, ‘‘घोर आपला असतो गं, पण त्याचं वझं दुसऱ्याला होतं. हे मला कुणी लिहून दाखवलंच नव्हतं.’’

त्या दिवसापासून मी बाईंना हसणं सोडलं. पण शहाणी झाले असं नाही. शहाणी झाले असते तर कौसाचं प्रकरण झालंच नसतं.

कौसा, म्हणजे कौसल्या, अंबडजवळच्या एका खेड्यातली. एकोणीस वर्षांची, काळीसावळी, बोलताना ओढणीसारखा पदर बोटाला गुंडाळत राहणारी. सासर घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला. सव्वा वर्षापूर्वी तिची आई आजारी पडल्याचा निरोप आला. सासू म्हणाली, माहेरचा माणूस न्यायला येऊ दे, मग जा. सासुरवाशिणीला न्यायला माणूस येतो, त्याला आपल्याकडे मूळ येणं म्हणतात. बिनमुळाची लेक निघत नाही. पण घरी आई एकटी, चुलता दुसऱ्या गावी, न्यायला येणार कोण? कौसा भल्या पहाटे एकटी चालत निघाली आणि माहेरी पोचली. आई बरी झाली, कौसा मात्र तिथंच अडकली. सासरचे म्हणायचे, आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं यावं. माहेरचा चुलता म्हणायचा, न्यायला माणूस आल्याशिवाय पोरगी धाडणार नाही. मारहाण नाही, व्यसन नाही, दुसरी बाई नाही. चौदा महिने दोन्ही घरं एकमेकांच्या मुळाची वाट बघत बसलेली, आणि मध्ये ही पोर.

तिच्या मनात काय आहे हे विचारलं की ती म्हणायची, ‘‘मला नांदायचंय.’’ नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नाही, पण त्याचा विषय निघाला की बोटाला पदराचा आणखी एक वेढा पडायचा.

बाईंनी दोन महिने खटपट चालवली होती. एकदा सासरी जाऊन आल्या, दोनदा चुलत्याकडे. ‘‘दोघं बी थोडे थोडे वाकून राह्यले. जल्दी करायची न्हाई,’’ असं म्हणायच्या. मला ते असह्य व्हायचं. एवढ्या साध्या गोष्टीला दोन महिने? आमच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात होतं, की निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा, आपण फक्त त्याला बळ द्यावं.

संक्रांतीनंतर बाई सभेसाठी तीन दिवस औरंगाबादला गेल्या, आणि नेमकी दुसऱ्या दिवशी कौसा जिना चढून आली. मी तिला समोर बसवलं आणि पुस्तकाप्रमाणं बोलले. जायचं की नाही हे चुलत्यानं का ठरवावं? सासूनं का ठरवावं? तुला काय वाटतं? तिनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. ‘‘मी आपली आपण गेले तर चालंल, ताई?’’ मी म्हटलं, ‘‘तुझा संसार, तुझा निर्णय.’’ तिचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. मीच तिला मोटारीत बसवून दिलं.

तिच्या हातात मी चार पोस्टकार्डंही दिली. ही बाईंची पद्धत. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांना लिहिता येत नसे. बाई प्रत्येकीला केंद्राचा पत्ता घातलेली कार्डं द्यायच्या. सगळं ठीक असेल तर कार्डाला हळदीचं बोट लावून टाकायचं. ठीक नसेल तर कोरंच टाकायचं. कोरं कार्ड आलं की बाई निघाल्याच. एवढं मी न विसरता केलं याचा मला कोण अभिमान.

बाई परतल्या तेव्हा मी धावत जाऊन सांगितलं. त्यांनी छत्री खुंटीला लावली नाही, हातातच राहिली.

‘‘पोचवाया कोण गेल्तं?’’

‘‘ती स्वतः गेली, बाई. तिचा तिनं निर्णय घेतला.’’

बाई खाली बसल्या. ‘‘सुमनबाई, तिला कुणी हात धरून घरात घातलं न्हाई. आता ती त्या घरात कुणाची म्हणून उभी राह्यची?’’

मला राग आला. चौदा महिन्यांत कुणाला जमलं नाही ते मी एका दिवसात केलं, म्हणून ही असूया, असंही मनात येऊन गेलं. बाई माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘कार्डं दिलीस ना?’’

वीसेक दिवसांनी कार्ड आलं. उजव्या कोपऱ्यात हळदीचं बोट, ठसठशीत. मी ते बाईंपुढे नाचवलं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि फाईलमध्ये ठेवलं. आणखी वीसेक दिवसांनी दुसरं आलं. तोच कोपरा, तेवढंच बोट. मी माझ्या मुंबईच्या अहवालात कौसाच्या नावापुढे ‘पुनर्मीलन यशस्वी’ असं लिहून टाकलं. तिसरं आलं त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

‘‘अहो, हळद आहे की!’’

‘‘म्हणूनच,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पहिलं कार्ड येतं. दुसरं उशिरा येतं, कवा कवा येतच न्हाई. तीस-चाळीस बायकांना कार्डं दिली मी. सुखात असलेली बाई कार्ड टाकायचं विसरती, सुमन. ही बिलकुल विसरून न्हाई राह्यली.’’

बाईंच्या बोलण्यात काही तर्क नव्हता असं मी स्वतःला समजावत होते, पण रात्रभर डोळ्यापुढं ती तीन पिवळी बोटं. ती जिवंत तर असेल ना, इथपर्यंत मन गेलं. त्या भागात विहिरी खूप. पुस्तकात यावर प्रकरण नव्हतं. सकाळी मी आवरून खाली आले तर बाई दारात तयार उभ्या होत्या, दशम्यांचं फडकं आणि खणाची पुडी घेऊन. माझी वाटच बघत होत्या.

अंबडपर्यंत मोटार, पुढं एक मोटार, आणि शेवटचे तीन कोस बैलगाडी. फाल्गुनाचं ऊन. बाईंनी गाडीवाल्याला चारदा विचारलं, त्या गावात इतक्यात काही झालं का. ‘‘काय व्हायचंय?’’ तो म्हणाला. तेवढ्यानंही मला बरं वाटलं.

कौसा जिवंत होती. गोठ्यात होती.

गोठ्याच्या एका अंगाला शेणानं सारवलेली जागा, त्यावर गोधडी, कोपऱ्यात ताटली आणि तांब्या. अंगावर लुगडं धड होतं, केसांना तेल होतं. उपाशी ठेवलेलं नव्हतं, मारलेलं नव्हतं. फक्त दोन महिने तिला घराच्या उंबऱ्याच्या आत घेतलेलं नव्हतं. बाईंना बघून ती उठली आणि हुंदका गिळत म्हणाली, ‘‘इतके दिस लावले, बाई? कार्डं मिळाली न्हाईत का?’’

मी बोलायला तोंड उघडलं, ‘हळद होती’ म्हणायला. बाईंची टाच माझ्या पायावर पडली, चांगली जोरात.

‘‘मिळाली,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मलाच उशीर झाला. चुकलं माझं.’’

गोठ्याच्या तोंडाशी भानुदास, म्हणजे कौसाचा नवरा, बैल बांधत होता. उंच, पडल्या खांद्याचा तरुण. एक बैल बांधायला किती वेळ लागावा? आम्ही तिथं होतो तोवर तो ती गाठ बांधतच होता.

सासूला मी मनातून राक्षसीण ठरवून आले होते. समोर आली ती एक वाळकी, दमेकरी म्हातारी. तिनं बाईंना पाणी दिलं आणि त्यांच्या पुढ्यात बसली. ‘‘मी काय वाईट केलं, सांगा? भाकर दिली, कापड दिलं. पण हिला चुलीम्होरं बसवायची तर कुणीतरी आणून घालाया नको? एकदा न सांगता गेल्ती. आता न सांगता आली. उद्या पुन्हा निघून गेली, तर मी कुणाच्या दारात जाऊन विचारू, का बाबा, आमची सून कुठंय?’’

ती बोलत होती ते चुकीचं होतं आणि तरी बरोबर होतं.

‘‘मीच आणून घालते म्हणलं तर?’’ बाईंनी विचारलं.

‘‘तुमी कोण हिच्या?’’

बाई उठून गोठ्याकडं गेल्या आणि पाठमोऱ्या भानुदासाला म्हणाल्या, ‘‘मी हिला घेऊन जाते. आठ दिवसांत तू न्यायला ये. माणूस धाडू नको, निरोप धाडू नको. तू ये. आणि येताना, जे सांगायचं राह्यलंय ते घेऊन ये.’’ त्याच्या हातातली गाठ सुटली.

येताना गाडीत कौसा आमच्या मध्ये बसलेली, त्यामुळं मला बोलता येईना. जालन्याला पोचल्यावर, ती न्हाणीत गेल्यावर, मी बाईंना गाठलं. ‘‘हळद त्यानं लावली ना? ती कोरी देत होती आणि तो बाजारच्या गावी नेऊन हळद लावून टाकत होता?’’

‘‘हां.’’

‘‘मग तिथंच का नाही बोललात? तिला सांगा तरी! ती समजतेय, तुम्ही तिला सोडून दिलं.’’

‘‘समजू दे आठ दिवस.’’ बाईंचे डोळे लाल झाले होते. ‘‘मी सांगितलं तर भांडण हुईल. त्यानं सांगितलं तर बोलणं हुईल. एवढाच फरक आहे आपल्या कामात, पोरी. दुसरं काही न्हाई.’’

‘‘आणि तो आलाच नाही तर?’’

‘‘तोच तर घोर हाय.’’

ते आठ दिवस मी विसरणार नाही. कौसा निमूट केंद्र झाडायची, बाईंच्या घरी भाकरी थापायची, आणि बाईंशी कामापुरतंच बोलायची. दोन महिने हाक मारून न आलेल्या माणसाशी कसं बोलावं? बाई ते सोसत होत्या. रोज दोन्ही वेळेच्या मोटारीला जाऊन उभ्या राहायच्या आणि कौसाला सांगायच्या, भाजी आणायला गेल्ते. घरात भाज्यांचा ढीग झाला. नाना रोज वांगी खात होते आणि एक शब्द बोलत नव्हते. मला जेवण जात नव्हतं. माझ्या एका वाक्यानं, ‘तुझा संसार, तुझा निर्णय’ या दिमाखदार वाक्यानं, या पोरीचे दोन महिने गोठ्यात गेले होते. आता तो आला नाही तर ती जन्माची टाकलेली ठरणार, आणि तीही माझ्या हातानं.

आठव्या दिवशीच माझी मुदत संपत होती. दुपारच्या मनमाडच्या गाडीनं निघायचं होतं. सकाळी बाईंनी माझ्या अहवालाचा कागद समोर घेतला. गुण लिहायच्या चौकटी त्यांनी रिकाम्या ठेवल्या आणि खाली उर्दू वळणाच्या मराठीत एकच ओळ लिहिली: ‘विद्यार्थिनीला आता घोर लागतो.’ पुढं मुंबईत आमच्या प्राध्यापकांनी या ओळीला किती गुण द्यावेत यावर एक अख्खी बैठक घेतली. मला पास केलं, पण बहुधा न समजताच.

सकाळच्या मोटारीला भानुदास नव्हता. बाई परत आल्या आणि जिन्यातच बसल्या. कौसानं वरून पाहिलं आणि ती केर काढायला वळली. मी ट्रंक भरत होते.

बाराच्या सुमाराला गल्लीत हमालांच्या गर्दीतून तो दिसला. धुळीनं माखलेला, पायातली वहाण हातात. अंबडला संध्याकाळची मोटार चुकली म्हणून रात्री तिथंच थांबला, सकाळच्या मोटारीत जागा मिळेना, म्हणून तिथून चालत आला होता. बाईंनी त्याला पाणी दिलं, पूर्ण पिऊ दिलं. मग विचारलं, ‘‘कशाला आलास?’’

‘‘न्यायला.’’

‘‘आईनं धाडलं?’’

‘‘न्हाई. आईला सांगून आलो.’’

‘‘मंग वर जा. सांगायचं राह्यलंय ते आधी सांग. न्यायचं मागून.’’

तो वर गेला. आम्ही दोघी जिन्यात बसलो. मी सवयीनं भिंतीला टेकले, तर बाईंनी माझा खांदा धरून मला दाराकडं वळवलं. आतून त्याचा आवाज, अडखळत, एकेक शब्द: ‘‘कार्डं... तू कोरी देत होतीस. हळद मी लावली. कोरं गेलं असतं तर बाई तुला घेऊन गेल्या असत्या. मंग तू पुन्हा आली नसतीस. गोठ्यात का होईना, तू व्हतीस.’’

बाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

आणि मग कौसा ओरडली. गेल्या पाच महिन्यांत जिचा आवाज मी धड ऐकला नव्हता, ती पोर अशी ओरडली की खाली कापड मोजणाऱ्यांचे हात थांबले. ‘‘दोन महिने! दोन महिने मी रस्त्याकडं बघून राह्यले! आन् तू रोज बैलाला पाणी पाजायला येऊन माझं तोंड बघत व्हतास!’’ ती रडत होती, बोलत होती, त्याला नावानं हाक मारत होती. तो फक्त ‘‘चुकलं’’ म्हणत होता. मी उठायला लागले, तर बाईंनी खाली ओढलं. ‘‘बस. बोलू दे तिला.’’

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी कौसाचा आवाज खाली आला, पण स्पष्ट होता. ‘‘मी येईन. पण तुझ्याबराबर न्हाई. मूळ घेऊन तुझी आई येऊ दे. तिनं हात धरून न्यावं, तिच्या हातानं चुलीपुढं बसवावं. आपल्या पायानं मी आता येत न्हाई.’’

मी बाईंकडे पाहिलं. मी पुस्तकातून जे सांगू पाहत होते, ते या पोरीनं तिच्या भाषेत सांगितलं होतं. निर्णय तिचा होता, आणि या खेपेला त्याच्याखाली जमीन होती. मला रडू कोसळलं. अपराधाचं की सुटकेचं, मला सांगता येणार नाही.

म्हातारी पंधरा दिवसांनी आली, दमा घेऊन, बैलगाडीनं आणि मोटारीनं, आणि कौसाचा हात धरून तिला घेऊन गेली, हे मला पुढं नानांच्या पत्रातून कळलं. त्या दुपारी मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. टांगा दारात उभा होता आणि माझी गाडी चुकायची वेळ आली होती. मी बाईंच्या पाया पडले. स्टेशनवर मला सोडायला त्या येणार होत्या, तासभर आधी जायचं असंही ठरलं होतं. पण त्या जिन्यातून उठल्याच नाहीत.

‘‘जा, जल्दी जा,’’ त्या म्हणाल्या. डोळे पदरानं पुसत होत्या आणि हसत होत्या. टांगा हलला तसं मी वळून पाहिलं. बाई तिथंच पायरीवर बसलेल्या, कान वरच्या दाराकडं. अचानक त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, कपाळाला आठी पडली, आणि त्या उठून टांग्यामागं चार पावलं धावत आल्या.

‘‘सुमन,’’ त्यांनी ओरडून विचारलं, ‘‘म्हातारीला मोटार लागत असंल का गं?’’